लेकीच्या हातचं

माळीवाड्याच्या एसटी स्टँडासमोरच्या मेडिकलमध्ये सत्यशीला डोकेदुखीची गोळी घ्यायला थांबली. तिच्या पुढे उभ्या असलेल्या माणसानं काउंटरवर वाकून, चोरून बिडी मागावी तसं विचारलं, "मोठ्या मान्साचे डायपर हायेत का? आन जुलाब थांबायच्या त्या गोळ्या द्या. मागच्याच." आवाज ऐकून ती दचकली. टोपीखालची ती मान तिनं लहानपणी खांद्यावर बसून इतक्यांदा धरली होती की चेहरा बघायची गरजच नव्हती. गहिनीनाथ नाना, तिचे सख्खे चुलते. जामखेड, आष्टी मागे टाकून एवढ्या लांब नगरला आलेले, आणि तिला एक फोनसुद्धा नाही. "नाना?" असं तिनं म्हणताच म्हाताऱ्यानं तो गठ्ठा असा काही पाठीमागे लपवला की दुकानदारालाही हसू आलं. "आगं शीला! तू हितं कशी?" "मी इथंच असते नाना. तुम्ही कसे?" "आपलं असंच. तालुक्याला काम हुतं, म्हनलं नगर बी करून यावं." तालुक्याचं काम नगरला कसं होतं, हे नानांनाही सांगता आलं नसतं. तिची नजर गठ्ठ्याकडे गेली तसे तेच म्हणाले, "ह्ये व्हय? शेजारच्या म्हाताऱ्याला. हातरुनाला खिळलंय बिचारं." "आणि काकी?" "झ्याक हाय! तुझ्या औषधानं पार कायापालट. भाकरी चावतीया आता." आणि जामखेड गाडी लागली, गाडी लागली करत नाना रस्ता ओलांडून गेलेसुद्धा. चहा नाही, पाणी नाही, दवाखान्यात येऊन टेकणं नाही.

आता यात काय एवढं? माणूस शेजाऱ्यासाठी औषध नेतो. रिक्षात बसल्यावर तिनं स्वतःला हेच सांगितलं. बाहेर पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलं होतं आणि रिक्षावाला फोनवर कुणाला तरी "नगरात हाय, नगरात" असं ओरडून सांगत होता. सावेडी येईपर्यंत तिचं डोकं दुखायचं थांबलं नाही, आणि गोळी घ्यायची राहूनच गेली हे तिला जिना चढताना कळलं. 'मागच्याच', असं नाना म्हणाले होते. म्हणजे आधीही नेल्या होत्या. तिनं तो शब्द बाजूला सारला. शनिवारी पुण्याला तिला आपलं काम मोठ्या मंडळींपुढे मांडायचं होतं, आणि असल्या वेळी मन नसते धंदे काढतं हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

तिची प्रयोगशाळा म्हणजे एका ट्रस्टच्या कॅन्सर दवाखान्यामागची दोन मजली इमारत. पुढे डॉक्टर सुरय्या रुग्ण बघायची आणि मागे सत्यशीला त्यांच्या रक्तातल्या पेशी बघायची. औषध नवं नव्हतं, ते मोठ्या शहरांत कधीचं चालू होतं; पण ते इतकं महाग की नगर जिल्ह्यातल्या बाईनं त्याचं नावही काढू नये. या दोघींचा प्रयत्न असा की अगदी थोड्या मात्रेत ते लागू पडतं का आणि कुणाला पडतं, हे शोधायचं. गावाकडे लोकांना समजावताना ती सांगायची, की आपल्या रक्तात राखणदार असतात. कॅन्सरची गाठ फार हुशार. चोरानं कुत्र्यापुढं भाकरीचा तुकडा टाकावा तशी ती राखणदाराला गप्प करते. आपलं औषध कुत्र्याच्या तोंडातला तेवढा तुकडा काढून घेतं, मग कुत्रं आपलं काम करतं. हे ऐकून लोक खूष व्हायचे. चवताळलेलं कुत्रं कधी कधी घरच्यालाही चावतं, आतड्याला, फुप्फुसाला, सांध्याला, हेही ती सांगायची. पण ते सांगायच्या वेळेपर्यंत मंडळी हसून उठायला लागलेली असत. तीही मग फार ताणून धरत नसे. खरं म्हणजे तिलाही पहिलीच गोष्ट सांगायला आवडायची.

त्या दुपारी तिनं पुण्यासाठी केलेला तक्ता पुन्हा उघडला. कुणाला किती त्रास झाला, याचा तो तक्ता. पारनेर, राहुरी, श्रीगोंदा, सगळीकडच्या लोकांना थोडाफार त्रास झालेला होता. कुणाला पुरळ, कुणाला दम, कुणाला जुलाब. फक्त तिच्या गावच्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या लोकांपुढे शून्य, शून्य, शून्य. पहिल्यांदा ही शून्यं दिसली तेव्हा सुरय्या म्हणाली होती, "तुझ्या गावचं पाणी कुठलं गं? आमच्याकडे पण एक टँकर पाठव." सत्यशीलाला हसू आलं होतं, पण आतून ती फुलली होती. आतड्यातल्या जंतूंवर या औषधाचं बरंच काही अवलंबून असतं. तेव्हा बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, तो कोरडवाहू मुलूख, यातच कुठेतरी उत्तर असणार असा तिनं तर्क लढवला होता. नुसता लढवला नव्हता, नव्या संशोधनाचा प्रस्ताव लिहायला घेतला होता. आपल्या मातीनं आपल्याला काहीतरी दिलंय आणि ते जगापुढे मांडणारी आपण, या कल्पनेनं तिला कितीतरी दिवस फार शांत झोप लागत होती. आता ती त्या शून्यांकडे बघत बसली. ती कशी आली हे तिला चांगलंच माहीत होतं. बाकी सगळ्या रुग्णांना दवाखान्यातली माणसं फोन करून विचारत. आपल्या गावच्यांना मात्र तिनं हट्टानं स्वतः विचारलं होतं. सुरय्यानं हटकलंही होतं, पण ही म्हणाली होती, "परक्याला ती माणसं काय सांगणार? मला सांगतील."

नानांच्या शेजारी म्हातारा आहेच कोण? हा प्रश्न तिला सूक्ष्मदर्शकावर वाकलेली असताना पडला. एका बाजूला अंगदचं घर, त्या घरची सगळी कुलूप लावून पुण्याला गेलीत. दुसऱ्या बाजूला शाळेची भिंत. काचेखाली पेशी होत्या, निळसर, गोल, निवांत. त्या बघताना नेहमी तिचं मन थंडावायचं. आज तिला वाटलं की या कुणाच्या आहेत हे आपल्याला काचेवरच्या आकड्यावरून कळतं, आणि त्या आकड्याच्या मागे एक बाई आहे, जिनं आपल्याला न्हाऊ घातलं, जिनं आपल्या डोक्यातल्या उवा काढल्या. आई गेली तेव्हा सत्यशीला इतकी लहान होती की तिला आईचा आवाज आठवत नाही. आठवतो तो चांगुणाकाकीचा. मिश्री लावून गालात बोट धरून बोलणारा तो जाड आवाज. त्या मिश्रीनंच पुढं घात केला. गालात गाठ झाली, कापली, पुन्हा आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तोंड एक बोटभरही उघडत नव्हतं. तेव्हा सत्यशीला म्हणाली होती, "काकी, माझं औषध घेशील?" काकीनं मान हलवली होती. हे औषध तुझं नाही, डॉक्टर सुरय्या देतील, असं तिनं नंतर दहादा समजावलं. पण गावानं ते 'शीलाचं औषध' असंच धरलं, आणि वेशीवर तिच्या फोटोचा फ्लेक्ससुद्धा लावला.

आणि मग तिला श्रीगोंद्याची ती आमटी आठवली. किती वर्षांत आठवली नव्हती. काकीची थोरली, दिपाली, नुकतीच श्रीगोंद्याला दिलेली. उन्हाळ्यात काकी तिला भेटायला निघाली, सोबत शाळकरी सत्यशीला. घरामागं ऊस, दारात ट्रॅक्टर, सासरची माणसं ऐटबाज. दिपालीनं घाबरत घाबरत पान वाढलं. आमटी उन्हानं चक्क आंबलेली होती, तोंडात घालवत नव्हती. सत्यशीलानं तोंड वाकडं केलं तर काकीनं ताटाखालून तिच्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. आणि स्वतः मात्र वाटी पुढे केली, "वाढ गं अजून. लई ग्वाड झालीया." सासू मिशीत हसल्यासारखी हसली, दिपालीचा चेहरा उजळला. परतीच्या गाडीत काकी खिडकीतून वाकून ओकत होती, आणि सत्यशीला म्हणत होती, "मग खाल्लीस कशाला?" काकीनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "लेकीच्या हातचं ग्वाडच म्हनावं, बाई. आपनच नाव ठिवलं तर परकी काय म्हनतील तिला?" त्या वेळी तिला हे फार थोर वाटलं होतं. पुढे कितीदा तरी तिनं मैत्रिणींना ही गोष्ट कौतुकानं सांगितली होती. आता मात्र ती खुर्चीवरून उठली.

तिनं फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर काकीनं उचलला. "काकी, पोट बरंय का तुझं?" "बरं हाय की. मला काय धाड भरलीया?" आवाज लांबून, उताणं झोपून बोलल्यासारखा येत होता. "जुलाब होतायत का? खरं सांग." "काय तरीच तुझं. तू जेवलीस का?" मागे नळाचा आवाज होता, बादली भरत असल्याचा. "कामं पडल्यात बाई, ठिवते," म्हणून काकीनं फोन बंद केला.  सत्यशीलाच्या मनात एक बारीक आवाज म्हणाला, झालं की, विचारलंस, नाही म्हणाली, शून्य लिही आणि शनिवारी पुण्याला जा. तो आवाज मोठा समजूतदार होता. तिला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. राखणदार आतड्यावर उलटले आणि कुणी आवरलं नाही तर आतडं फाटतं, माणूस जातं. हे पुस्तकात तिनं शेकडो वेळा वाचलं होतं, पण त्या वाक्यात चांगुणाकाकी कधी नव्हती.

सुरय्यानं सगळं ऐकून घेतलं. मी सांगत होते ना, वगैरे काही म्हणाली नाही, तेवढं मोठेपण तिच्यात होतं. "आत्ता घेऊन ये. मी खाट अडवून ठेवते. आणि हे बघ, आमच्याकडे पण बिर्याणी खारट झाली असं पाहुणा कधी सांगत नाही. तू विचारलंस तर ती सांगणार नाही. काहीतरी दुसरी युक्ती काढ." दवाखान्याची गाडी मिळाली. कडा गावाच्या पुढे रस्ता बरा होता. आष्टी गेली, जामखेड गेलं, माळ सुरू झाले. सत्यशीला युक्ती शोधत होती आणि तिला एकही सापडत नव्हती. प्रयोगात उत्तर चुकलं तर प्रश्न बदलायचा, एवढं तिला शिकवलं होतं. पण हा प्रश्न कितीही बदलला तरी विचारणारी तीच राहणार होती.

वेशीवरचा फ्लेक्स उन्हानं फिका झाला होता. अंगणात शिरताच तिला दोरी दिसली. दोरीवर लुगडी, चादरी, गोधडीची खोळ, पुन्हा लुगडी. घरात दोन म्हातारी माणसं आणि एवढं धुणं. फिनेलचा वास थेट उंबऱ्यापर्यंत आला होता. नाना अजून जामखेडला गावच्या एसटीची वाट बघत असणार. गाडी त्यांच्या आधी पोचली होती. काकी खाटेवरून भिंत धरून उठत होती. गालफडं बसलेली, डोळे खोल, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहील अशी. "आगं बया, न सांगता? बस, च्या टाकते." "चहा राहू दे." "असं कसं राहू दे? लांबनं आलीस." आणि चहा टाकायला वळायच्या आधी काकीनं तिच्याकडे बघून तोंड उघडलं. मोठं, आ वासून. आपली तीन बोटं उभी धरून तिनं तोंडात घालून दाखवली. आत जिथं गाठीचा लाल गोळा होता तिथं गुळगुळीत गुलाबी गाल होता. "बघ," काकी म्हणाली, "तुझी करामत." सत्यशीलाला रडू फुटलं. औषधानं काम केलं होतं. इतकं सुंदर काम तिनं काचेखालीही कधी पाहिलं नव्हतं. आणि त्याच राखणदारांनी हिचं आतडं सोलायला घेतलं होतं.

"काकी, जुलाब किती दिवस होतायत?" "न्हाईत गं." "दोरीवरचं काय मग?" "धुनं हाय. धुनं वाळत घालू नये व्हय?" काकी हसली, पण तेवढ्या हसण्यानंही तिला पोट धरावं लागलं. सत्यशीला खाटेवर बसली. रागवावं, शपथ घालावी, पाया पडावं, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग ती हळू आवाजात, गावच्या बोलीत, आपोआप बोलायला लागली. "काकी, दिपाआक्काच्या घरी आमटी आंबली हुती. तू ग्वाड म्हनलीस. ते एका ताटाचं हुतं, तू खाल्लीस, तू भोगलंस. ह्ये तसं न्हाई. तू ग्वाड म्हनलीस की मी शनिवारी पुण्याला जाऊन शंभर मान्सांपुढं सांगनार, ह्याचा कुनाला तरास न्हाई. मग ते दुसऱ्यांच्या पानात वाढनार. कुठल्या तरी गावची कुनाची तरी चुलती खानार. तिला जुलाब लागले तर तिचा डॉक्टर म्हनंल, औषधाचे न्हाईत, पुस्तकात न्हाई लिहिलेलं. ती मरंल, काकी. माझ्या हातचं खाऊन मरंल. मग काय नाव राहील माझं?"

चुलीवरचा चहा उतू गेला. काकीनं तिकडे बघितलंही नाही. ती खाटेवर येऊन बसली, आणि तिचा चेहरा असा झाला की सत्यशीलाला ती अनोळखी वाटली. "लई वंगाळ औषध हाय तुझं," काकी म्हणाली. "लई म्हंजे लईच वंगाळ. पोटात कुनी इळ्यानं कापतंय असं व्हतं. परसाकडला जायला दम न्हाई निघत, हातरुनातच व्हतं. ह्या वयात नवऱ्यानं माझं लुगडं धुवावं, आं? तोंडावर पदर घिऊन पडून ऱ्हाते. गुडघे सुजल्यात. रातचं अंग खाजतंय. तुझ्या त्या राखनदाराला आग लागो." एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना. तेच औषध घेणाऱ्या म्हाताऱ्या पुंजारामला दम लागतो, शेवंताबाईच्या अंगावर चट्टे आलेत, तेही कुणी सांगितलं नव्हतं. गावानं चावडीवर बसून ठरवलं नव्हतं की काही नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घरात, आपापल्या मनानं, पोरीचं नाव राखलं होतं. सत्यशीला ऐकत होती. तिच्या बाजरीच्या प्रस्तावाचा एकेक चिरा ढासळत होता आणि तिला बरं वाटत होतं, उपाशी माणसाला घास मिळावा तसं.

"आता ते औषध बंद," तिनं सांगितलं. "आजपासून. दवाखान्यात ठेवून दुसरं औषध द्यावं लागेल, राखणदारांना गप करायचं." "मग गाठ?" काकीनं लगेच विचारलं. बोटं आपसूक गालाकडे गेली. इतकी वर्षं हा प्रश्न आला की सत्यशीला म्हणायची, काळजी करू नको, होईल बरं. तेही एक प्रकारचं गोड म्हणणंच होतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "काहींची तशीच दबून राहते. काहींची परत येते. तुझं काय होईल ते मला माहीत नाही, काकी." काकीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "हे आदी का न्हाई बोललीस?" "तुझ्यासारखंच," सत्यशीला म्हणाली. काकीला हसू आलं, मग कळ आली, मग तिनं शिवी हासडली. तेवढ्यात नाना दारात आले, काखेत कागदात गुंडाळलेला गठ्ठा. आत कोण बसलंय ते बघून ते उंबऱ्यावरच थबकले. "असू द्या," काकी त्यांना म्हणाली, "सांगितलं मी. आना ते हिकडं, वाटंत लागंल."

गाडीत नाना पुढे बसले, काकी मागे तिच्या मांडीवर डोकं ठेवून. सत्यशीलानं सुरय्याला फोन करून सांगितलं की आमच्या गावची सगळी शून्यं खोडून टाक, उद्या सगळ्यांना कुणीतरी परक्यानं जाऊन विचारायचं, पुंजारामला आधी. शनिवारचं काय, असं सुरय्यानं विचारलं. शनिवारी जाणार, आणि हेच सांगणार, असं ती म्हणाली. ते सांगताना तिला भीती वाटली नाही असं नाही. चांगलीच वाटली. पण मांडीवरचं डोकं जड होतं, आणि ते दर खड्ड्याला कण्हत होतं, मोकळेपणानं, अजिबात न लपवता.

आष्टीच्या अलीकडे काकी एकदम उठून बसली. "गाडी थांबव. थांबव म्हनते ना!" रस्त्याकडेला तुरीचं रान होतं. ऊन कलतीला लागलेलं. नाना आणि ड्रायव्हर पाठ फिरवून उभे राहिले. सत्यशीलानं आपली ओढणी सोडली, दोन्ही हातांनी ताणून रस्त्याच्या बाजूनं आडोसा धरला, आणि रीतीप्रमाणे मान वळवून नगरकडे जाणारे ट्रक बघत राहिली. मागून काकीचा श्वास ऐकू येत होता. कितीतरी वेळ. मग काकीनं तिच्या कुर्त्याचं टोक ओढलं. "शीले." "काय गं?" "मान काय वळवतीस? बघ हिकडं. मला वाकून दिसत न्हाई. रगत हाय का बघ."

सत्यशीलानं वळून पाहिलं.

"हाय," ती म्हणाली.

"किती?"

"बरंच हाय, काकी."

काकीनं मान हलवली, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळा भार देत उठली. "चल मग," ती म्हणाली, "बिगी बिगी."